सप्टेंबरातल्या बेसबॉलचं जर-तर कसं मांडावं

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींत दोन तट पडतात. पाच सामने ओळीने जिंकले की एका तटाला थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, दिसायला लागते. तीन हरले की दुसरा तट 'संपलं यंदाचं' म्हणून मोकळा. न्यू जर्सीत स्थायिक झालेला एखादा भाचा न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या नादी लागला असेल, तर हे रडगाणं व्हॉट्सॲपवरून पुण्या-नाशकातही पोचतं. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात नेट रनरेटची आकडेमोड करणाऱ्याला हा वाद समजायला जड जाणार नाही. फरक इतकाच की इथे गुण नसतात, रनरेट नसतो आणि बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात. त्यामुळे तक्ता वाचायची रीत वेगळी आहे.

१. भांडण नक्की कोणाशी आहे ते ठरवा

मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत, ३० संघ आहेत. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, आणि प्रत्येकीत ईस्ट, सेंट्रल, वेस्ट असे पाच-पाच संघांचे तीन गट. प्रत्येक संघाला १६२ सामने. २०२२पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात: तीन गटविजेते, आणि उरलेल्यांतले सर्वांत सरस तीन, म्हणजे वाइल्ड कार्डवाले. गटविजेत्यांपैकी पहिल्या दोघांना पहिली फेरी माफ असते. बाकीच्यांना तीन सामन्यांच्या मालिकेतून जावं लागतं, आणि त्या मालिकेचे सगळे सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरी होतात.

म्हणजे तुमचा संघ एकाच वेळी दोन शर्यतींत असतो. गटात तो सहा सामने मागे असेल आणि वाइल्ड कार्डसाठी एकच, तर गटातल्या पहिल्या संघाला शिव्या देण्यात अर्थ नाही. ज्याच्याशी खरी झुंज आहे तो संघ कदाचित दोन हजार मैलांवर, वेगळ्याच गटात असेल.

२. आधी पराभव मोजा

तक्त्यात 'गेम्स बॅक' असा रकाना असतो आणि सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. त्याचा हिशोब सोपा आहे: दोन संघांच्या विजयांतला फरक अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन. समजा, 'अ' संघ ८५ जिंकलाय, ६० हरलाय आणि 'ब' ८० जिंकलाय, ६३ हरलाय. पाच अधिक तीन, भागिले दोन, म्हणजे 'ब' चार सामने मागे.

पण 'ब'चे दोन सामने जास्त शिल्लक आहेत. शिल्लक सामना जिंकता येतो. हरलेला परत खेळता येत नाही. म्हणून मुरलेले चाहते पराभवांचा रकाना बघतात, आणि तिथे 'ब' तीननेच मागे आहे.

आता मॅजिक नंबर काढा. १६३मधून (एकूण सामने अधिक एक) 'अ'चे विजय आणि 'ब'चे पराभव वजा करा: १६३ वजा ८५ वजा ६३, म्हणजे १५. 'अ'चे यापुढचे विजय आणि 'ब'चे यापुढचे पराभव मिळून १५ झाले की 'ब' शर्यतीतून बाद.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि वाद तिथेच निकालात निघू शकतो. 'अ'चे १७ सामने उरलेत. तो साधारण निम्मे, म्हणजे आठ जिंकून नऊ हरला, तर ९३-६९ वर थांबेल. त्याला मागे टाकायला 'ब'ला उरलेल्या १९पैकी १४ जिंकायला हवेत. हा वेग पूर्ण हंगाम टिकला तर ११९ विजय होतात. एका हंगामातला विक्रम ११६ विजयांचा आहे: १९०६चा शिकागो कब्स आणि २००१चा सिॲटल मरिनर्स. म्हणजे आघाडीवरचा संघ जेमतेम खेळला तरी पाठलाग करणाऱ्याला तीन आठवडे विक्रमी खेळावं लागतं. 'फक्त चार सामने मागे आहोत' म्हणणाऱ्याला हे गणित करून दाखवा.

३. बरोबरी झाली तर कोण?

पूर्वी १६३वा सामना खेळवून निकाल लावत. २०२२पासून तो बंद झाला. आता आधी आपसातल्या सामन्यांचा हिशोब बघतात, आणि तो सारखा निघाला तर आपापल्या गटातली कामगिरी. धावांचा फरक इथे विचारात घेत नाहीत, हे क्रिकेटवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

एप्रिल-मेमधल्या कोणाच्या लक्षातही नसलेल्या सामन्यांची किंमत मग शेवटी कळते. २०२३मध्ये टेक्सस रेंजर्स आणि ह्यूस्टन ॲस्ट्रोज दोघेही ९०-७२. आपसात ॲस्ट्रोज सरस, म्हणून गट त्यांचा आणि रेंजर्सना वाइल्ड कार्ड. (त्याच रेंजर्सनी पुढे वर्ल्ड सिरीज जिंकली, हा भाग वेगळा.) २०२५मध्ये न्यूयॉर्क मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स ८३-७९ वर अडकले आणि आपसातल्या सामन्यांवर रेड्स आत गेले. शेवटच्या दिवशी रेड्सही हरले होते. मेट्सना नुसता आपला सामना जिंकायचा होता.

तेव्हा हा निकष कोणाच्या बाजूने आहे ते सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. बाजूने असेल तर मॅजिक नंबर एकने कमी धरा.

४. 'फॉर्म'वर किती विश्वास ठेवायचा?

माझं मत विचाराल तर फार कमी. तक्त्यात शेवटच्या दहा सामन्यांचा रकाना असतो आणि सगळी भांडणं त्यावरून पेटतात. नाणं दहा वेळा उडवलं, तर सात किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण १७ टक्के. म्हणजे तिसाच्या तीस संघ अगदी सारखे असते, तरी त्यातले पाचेक कधीही '७-३ किंवा त्याहून बरे' दिसले असते.

त्यापेक्षा पूर्ण हंगामातला धावांचा फरक बघा. ढोबळमानाने दहा धावा म्हणजे एक विजय. ८१-८१च्या बरोबरीच्या पातळीवर तो फरक शून्याच्या आसपास असतो. २०१२चा बाल्टिमोर ओरिओल्स ९३ सामने जिंकला, पण फरक होता फक्त सात धावांचा. एका धावेने सुटलेल्या सामन्यांत ते २९-९ होते. पुढच्या वर्षी तशाच सामन्यांत २०-३१, आणि एकूण विजय ८५.

दुसरी गोष्ट, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. बेसबॉलमध्ये संघाचा फॉर्म रोज बदलतो, कारण सुरुवातीचा पिचर रोज बदलतो. पाच जणांची पाळी असते. येत्या मालिकेत तुमच्या हुकमी पिचरची पाळी येते की चौथ्या-पाचव्याची, हे 'शेवटचे दहा'पेक्षा जास्त सांगतं. डेट्रॉइट टायगर्सचा तारिक स्कूबल २०२५च्या वाइल्ड कार्ड मालिकेत पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट (फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद करणं) घेऊन गेला आणि टायगर्सनी तो २-१ने काढला.

तरीही लाट येते, हे मान्य करायला हवं, आणि टायगर्सचंच उदाहरण दोन्ही बाजूंनी देता येतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते ५५-६३ होते, संधी एका टक्क्याहून कमी मानली जात होती, आणि उरलेल्यांत ३१-१३ करून ते आत गेले. पुढच्या वर्षी जुलैत त्याच गटातल्या क्लीव्हलँडवर साडेपंधरा सामन्यांची आघाडी होती, ती सगळी घालवून ८७-७५वर थांबले. क्लीव्हलँड ८८-७४ करून गट घेऊन गेलं. मग वाइल्ड कार्ड मालिकेत त्याच क्लीव्हलँडला टायगर्सनी घरी बसवलं!

५. उरलेले सामने

गटातल्या प्रत्येक संघाशी हंगामात १३ सामने असतात. त्यातले काही सप्टेंबरात येतात, आणि त्यात एक सामना जिंकला की अंतर थेट एकाने बदलतं. म्हणून आपसातले उरलेले सामने वेगळे मोजा. 'उरलेले सगळे दुबळ्या संघांशी आहेत' या युक्तिवादाला मात्र जपून. मेट्सना २००७, २००८ आणि २०२५ अशा तीन हंगामांत शेवटच्या दिवशी मार्लिन्सनेच हरवून बाहेर ठेवलं, आणि तिन्ही वेळा मार्लिन्स स्वतः प्लेऑफच्या बाहेर होते.

शेवटच्या रविवारी सगळे सामने जवळपास एकाच वेळी, न्यूयॉर्कच्या दुपारी तीनला सुरू होतात. भारतात तेव्हा रात्रीचे साडेबारा, म्हणजे सोमवार लागलेला असतो. भाच्याला फोन करायचा असेल तर आपल्याकडच्या पहाटे तीन-साडेतीनच्या पुढे करा. त्याआधी तो उचलणार नाही.