दोघींच्या घरात आधी करून ठेवायचे कागद

"पेशंटशी नातं काय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं आणि माझं पेन थांबलं. जिच्यासोबत १९ वर्षं संसार केला, तिच्यासाठी मी त्या रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं. हिला तोवर गुंगी आली होती. संमतीपत्रावर माझी सही चालली नाही. हिचा भाऊ नागपूरहून सकाळी पोहोचला, तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. ती रात्र मी बाकड्यावर काढली. हे तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहिते आहे.

आधी समलिंगी लग्नाबद्दलचा निकाल समजून घ्या, कारण "कोर्टाने नाही म्हटलंय ना?" हे वाक्य प्रत्येक खिडकीवर ऐकावं लागतं. सुप्रियो चक्रवर्ती यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४चा विशेष विवाह कायदा आम्ही बदलू शकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. लग्नाऐवजी नागरी जोडीदारीला मान्यता द्यायची का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तीही नाकारली गेली. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. पण सोबत राहणं गुन्हा आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाही हे ठरवणारा ६ सप्टेंबर २०१८चा कलम ३७७चा निकाल जागेवर आहे. मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. लग्नाशी जोडलेले लाभ न मिळाल्याने आमच्यासारख्यांवर अन्याय होतो हे बहुमताच्या निकालातही मान्य आहे, तरी उपाय सरकारी समितीवर सोपवला. घटनेतल्या समानतेची वाट बघता बघता माणसं म्हातारी होतात. तोवर एका विवाह नोंदणीने जे मिळतं, ते आपल्याला सुट्या सुट्या कागदांनी उभं करावं लागतं.

पहिला कागद मृत्युपत्राचा. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या वारसांच्या यादीत जोडीदाराला कुठेच जागा नाही. घर भावाबहिणींकडे, पुतण्यांकडे जातं. साध्या मराठीत लिहा, मुद्रांक लागत नाही. फ्लॅटचा क्रमांक, खाती, दागिने, सगळं नावानिशी लिहा. 'आम्ही अमुक सालापासून एकत्र राहतो, एकमेकींची काळजी घेतो, म्हणून माझी मिळकत हिला' असं एक वाक्य आवर्जून घाला. दोन साक्षीदार लागतात आणि जिला मिळायचं आहे तिला साक्षीदार करू नका. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. मन शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखलाही जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण आपण ती टाळायची नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो आणि अंगठा झाला की 'सही खोटी आहे' म्हणायला फारशी जागा उरत नाही. आम्ही हिच्या भावालाच साक्षीदार केलं. तो चष्मा पुसत दोनदा वाचत बसला, मग म्हणाला, "ताई, हे आधीच करायला हवं होतं." उद्या हरकत घेऊ शकला असता, त्याचीच सही आज त्या कागदाखाली आहे.

घर हयातीतच बक्षीसपत्राने देण्याआधी मात्र थांबा. नवरा-बायकोत दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला कर नाही. आपण कायद्याच्या नजरेत परके, त्यामुळे वर्षभरातल्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या की कर लागतो. मृत्युपत्राने आलेल्या मिळकतीला तो लागत नाही.

मग नामनिर्देशन. बँक, सोसायटी, विमा, सगळीकडे करा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेचे पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, हक्क वारसाचा राहतो. म्हणून मृत्युपत्र आधी. संयुक्त खातं उघडताना बँकेत कुणी कुरकुर केली तर अर्थ मंत्रालयाचं २८ ऑगस्ट २०२४चं स्पष्टीकरण पुढे ठेवा. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं त्यात लिहिलंय. आवाज चढवावा लागत नाही.

दवाखान्याचं काम सगळ्यात नाजूक. पेशंट शुद्धीवर असेल तर संमती तिचीच, हे ठामपणे सांगा. भरती होतानाच तिच्या सहीने 'माझ्या प्रकृतीची माहिती हिला द्यावी, निर्णयात हिचं मत घ्यावं' असं लिहून केसपेपरला लावायला सांगा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीवर, विसंबू नका. माणसाला निर्णय घेण्याची शुद्धच उरली नाही की त्याचा जोर संपतो, आणि आपल्याला गरज नेमकी तेव्हाच असते. आजार शेवटाला पोहोचल्यावर यंत्रांवर ठेवायचं की नाही, यासाठी वेगळं वैद्यकीय इच्छापत्र असतं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. त्यात जोडीदाराचं नाव निर्णय घेणारी म्हणून घालता येतं. आमच्या दोघींची ती पत्रं एकाच दुपारी झाली.

मूळ मृत्युपत्र तिच्या एकटीच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुम्ही त्या लॉकरच्या नॉमिनी नसाल, तर ती गेल्यावर तो तुम्हाला सहजी उघडू देणार नाहीत. आमची मूळ प्रत हिच्या भावाकडे नागपूरला आहे, आणि झेरॉक्स दाराजवळच्या फाइलमध्ये, ॲम्ब्युलन्स येईल तेव्हा हाताला लागेल अशी.