कोलेस्टेरॉलसाठी दाणे-बदाम कसे खावेत

रिपोर्टमध्ये एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलेले दिसले की घरात रोज सकाळी चार भिजवलेले बदाम सुरू होतात. त्यांनी काही बिघडत नाही, पण एलडीएलही हलत नाही. चार बदाम म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. २०१० साली दाण्यांवरच्या (इथे दाणे म्हणजे बदाम, अक्रोड, काजू, शेंगदाणे वगैरे सगळेच) २५ प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. त्यात एलडीएल सुमारे ७ टक्के उतरले होते, पण रोजचे सरासरी प्रमाण होते ६७ ग्रॅम! एवढे रोज खायची गरज नाही. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासात भूमध्यसागरी आहाराबरोबर दिवसाला ३० ग्रॅम (निम्मे अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट) दिले होते. त्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि अशा आजारांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे २८ टक्के कमी आढळले. तेव्हा ३० ग्रॅम धरून चालू.

आधी एकदा वजनकाट्यावर मोजून बघा. साधारण २५ बदाम, २० काजू, अक्रोडाच्या १५ अर्ध्या फाका किंवा मूठभर शेंगदाणे. नंतर अंदाज येतो.

मग ताटातून काय काढायचे ते ठरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच गणित फसते. ३० ग्रॅममध्ये १७०-१८० कॅलरी असतात. त्या वरून घातल्या तर वजन वाढायचे. चहाबरोबरची खारी, शेव किंवा बिस्किटे बंद करून त्या जागी दाणे आले, की तूप-वनस्पती तुपातल्या संपृक्त चरबीची जागा असंपृक्त चरबी घेते आणि यकृत रक्तातले एलडीएल जास्त प्रमाणात उचलू लागते. शिवाय दाण्यांतले वनस्पतिज स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलचे शोषण थोडे अडवतात.

कोणते घ्यावेत? त्या एकत्रित तपासणीत प्रकारांमध्ये फारसा फरक दिसला नाही. अक्रोडात ओमेगा-३ जास्त असते, बदामात तंतू आणि ई जीवनसत्त्व. काजूची उगाच बदनामी झाली आहे. चेन्नईत मधुमेहींना १२ आठवडे रोज ३० ग्रॅम काजू दिले, तर एलडीएल वाढले नाही, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) थोडे वाढले आणि वरचा रक्तदाब उतरला. खिसा बघायचा तर माझे मत सरळ शेंगदाण्याला. शास्त्राने तो कडधान्यांच्या कुळातला, पण चरबीची घडण बदामासारखीच. आमटीत, कोशिंबिरीत, खिचडीत कूट पडतेच. तेही ३० ग्रॅममध्ये धरा.

सुके खोबरे मात्र यात मोजू नका. त्यातली जवळजवळ सगळी चरबी संपृक्त असते, त्यामुळे डिंकाचे लाडू थंडीत आवडीने खा, कोलेस्टेरॉलचा उपाय म्हणून नको. खारीक, बेदाणे, अंजीर म्हणजे साखर आणि तंतू; त्यांचा हिशेब वेगळा.

खाताना कच्चे किंवा कोरडे भाजलेले घ्या. बदाम भिजवायचे असतील तर भिजवा, पण साल टाकू नका. रक्तदाब असेल तर खारवलेले पिस्ते आणि मसाला काजू टाळा. चिक्कीत गूळ बराच असतो. अक्रोड लवकर खवट होतो, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा. बुरशी आलेले किंवा कडवट शेंगदाणे निवडून टाका. भाजल्याने त्यातले अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) पूर्ण जात नाही.

दाण्यांची ॲलर्जी असेल तर हा मार्ग नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण दाण्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस बरेच असते. दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करून घ्या. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) चालू असेल तर मनाने बंद करू नका: ती गोळी एलडीएल ३० ते ५० टक्के उतरवते, दाणे तेवढे उतरवत नाहीत.