टू स्ट्रोक ट्युनिंग शिकताय? स्क्रूड्रायव्हर जरा बाजूला ठेवा

मी शिकायला लागलो तेव्हा एकाने सांगितलं होतं, बॅकप्रेशर, म्हणजे धुराला बाहेर पडताना होणारा अडथळा, काढून टाक मग बघ कशी पळते. लगेच सायलेन्सरमधला आवाज अडवणारा बॅफल काढून फेकला. आवाज असा फुटला की वाटलं आपण रेसिंगवालेच झालो, आणि खोटं कशाला बोला, गाडी जरा मोकळी पळाली पण. पुढे सरळ रस्ता मिळाला, फुल थ्रॉटल धरून ठेवला, थोड्या वेळाने आवाज बारीक झाला, दम गेला आणि मागचं चाक जागेवर लॉक. क्लच दाबला गेला म्हणून वाचलो. हेड आणि सिलेंडर खोललं तर पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या रेघाच रेघा, रिंग खाचेत चिकटून बसलेली. वाट मोकळी झाल्यामुळे हवा जास्त जात होती आणि मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मात्र जुनाच, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी पडणारं, आणि लीन म्हणजे उष्णता. हे सगळं नंतर कळलं, पिस्टन गेल्यावर.

तर आधी हे बॅकप्रेशरचं भूत उतरवू. टू स्ट्रोकला बॅकप्रेशर लागतं असं सगळे म्हणतात, पण खरं तर त्याला लागते वेळेवर परत येणारी लाट. फोर स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह इथे नाहीत, ताजं मिश्रण आत आणणारा ट्रान्सफर पोर्ट आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट काही वेळ एकदमच उघडे असतात, त्यामुळे ताजं मिश्रण सरळ बाहेर पळू शकतं. एक्झॉस्ट उघडला की दाबाची लाट पाइपात निघते, पाइप जिथे रुंद होत जातो तिथून उलटी ओढणारी लाट मागे येते, ती सिलेंडरमधला धूर खेचून काढते आणि सोबत थोडं ताजं मिश्रणही पाइपात सांडतं. मग पुढच्या निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत ते सांडलेलं आत ढकलते. फुगीर पाइपाचा सगळा खेळ एवढाच आहे.

हिशोब एकदा स्वतः करून बघा, डोक्यात पक्कं बसतं. ८००० आरपीएमला एक फेरा ७.५ मिलिसेकंदांत होतो. एक्झॉस्ट फेऱ्यातले १८० अंश उघडा असेल तर लाटेला मिळाले ३.७५ मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर जाते, म्हणजे जाऊन येऊन १.९ मीटरच्या आसपास, म्हणून परत फिरवणारा भाग पोर्टपासून ९०-९५ सेंटीमीटरवर हवा. तेच ६००० ला केलं तर सव्वा मीटर निघतो. एकच पाइप सगळ्या आरपीएमला का चालत नाही आणि गाडी 'पाइपवर आली' की एकदम का उडते ते इथेच समजतं. हे शास्त्र खऱ्या अर्थाने मार्गी लावलं पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीतल्या वॉल्टर काडेनने, १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली, लिटरमागे २०० झाली ना. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीकडे गेला आणि १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद घेऊन बसला. असो, विषय भरकटला.

खरं बॅकप्रेशर ठरतं ते शेवटच्या बारीक नळीत. ती नळी फार बारीक असेल किंवा कार्बनने भरली असेल तर धूर कोंडतो, इंजिन तापतं, वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते. फार मोठी केली तर पाइपातला दाब टिकत नाही आणि ताकद जाते. म्हणून गाडी गुदमरली की आधी सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्ट उघडून कार्बन बघा, जेट नंतर.

आता कार्बोरेटर. ग्रिपवर आणि हाऊसिंगवर टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा, ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. त्रास कुठल्या खुणेवर होतो तेवढं कळलं की अर्धं काम झालं. बंदपासून पावपर्यंत पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट), स्क्रू आणि स्लाइडचा कट (थ्रॉटलने वर उचलल्या जाणाऱ्या पडद्याची खालची तिरकी कड), पावपासून पाऊणपर्यंत निडल (त्या स्लाइडला लटकलेली निमुळती सुई), त्याच्या वर मेन जेट. हद्दी एकमेकांत मिसळतात, पण शोधायला पुरे. निडलची क्लिप वरच्या खाचेत घातली की निडल खाली जाते आणि मिश्रण लीन होतं, हे मी कितीतरी वेळा उलटं केलंय. आणि स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा, एअर फिल्टरकडे असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. इंजिनाकडे असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

मी पायलटवर आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) जमेल तितका जमवतो, मग मेन जेट, मग निडल, आणि शेवटी परत पायलट. मेन जेट कायम मोठ्यापासून सुरू करायचा. मोठा असेल तर वर गाडी भर्र भर्र करून अडखळते, प्लग ओला होतो, पण इंजिन वाचतं. उलट बाजूने सुरू केलं तर पिस्टन जातो. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा, हवा थंड की गरम तेही लिहा. थंड हवा घट्ट असते, त्यामुळे गरम दुपारी बरोबर बसलेला जेट थंड पहाटे लीन होतो. आणि हो, पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की मिश्रण रिच होतं असं वाटतं ना? उलटं आहे, त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं.

आता शेवटचा, सगळ्यात चिडवणारा किस्सा. एका इंजिनाचा आयडल चढायचा आणि थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली यायलाच तयार नाही. दोन आठवडे मी पायलट जेट बदलत होतो, वहीची पानंच्या पानं भरली. शेवटी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून हलका दाब भरला, सहा पीएसआय, आणि साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलमधून (क्रँकशाफ्टभोवतीची रबरी कडी) फेस येत होता, तिथूनच जादा हवा आत जात होती. सील बदललं, जुनाच जेट परत घातला, पहिल्या किकला आयडल बसला.