घराण्यातल्या पाचारणांचा वंशवृक्ष कसा मांडायचा

"आई, आत्या सिस्टर आहे, दोन्ही काका फादर आहेत, म्हणून तर मलाही मठात जावंसं वाटत नसेल ना?"

माझी लेक एकोणीस वर्षांची होती. रात्रीची भांडी पुसता पुसता तिनं हे विचारलं आणि माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. 'छे गं, पाचारण देवाकडून येतं' असं म्हणणं सोपं होतं. (पाचारण म्हणजे फादर किंवा सिस्टर होण्यासाठी आलेली देवाची हाक.) पण आमच्या घराकडे पाहिलं की कुणालाही हाच प्रश्न पडेल. मी तिला म्हटलं, "उद्या एक मोठा कागद आणू आणि सगळे लिहून काढू." पुढचे तीन महिने आम्ही दोघी त्या कागदावर होतो. जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सेमिनरीची (जिथे फादर होण्याचं शिक्षण मिळतं), मठाची ओढ वाटत असेल, तर हा कागद जरूर मांडा.

सुरुवातीला एक चूक सगळे करतात. फक्त फादर-सिस्टरांची नावं लिहितात. आमच्याही पहिल्या कागदावर सहाच नावं होती: माझे दोन दीर, एक नणंद, सासूबाईंच्या दोन बहिणी आणि माझ्या माहेरचे एक चुलत आजोबा. सहा नावं एकाखाली एक पाहिली की वाटतं, हे रक्तातच आहे. मग आम्ही दुसरा कागद घेतला आणि चार पिढ्यांतली, वयाची अठरा वर्षं पार केलेली सगळी माणसं मांडली. लग्न झालेली, न झालेली, चर्चला फिरकायची सोडलेली, सगळी. ती भरली चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तरांत सहा म्हणजे कमी नाहीत, पण पहिल्या कागदानं छातीवर ठेवलेलं ओझं मात्र उतरलं. अडुसष्ट जण याच घरात वाढले, त्याच आजीबरोबर रोझरी म्हणत मोठे झाले आणि दुसऱ्या वाटेनं गेले. त्यांची नावं कागदावर हवीतच.

यानंतरचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्यांना जायचं होतं पण जाता आलं नाही, जे गेले आणि परतले, त्यांच्यासाठी तुटक रेषेचं वर्तुळ काढा. हे मला सुचलं ते फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाच्या घरावरून. तिच्या आईवडिलांना, झेली आणि लुई मार्टिन यांना, नऊ मुलं झाली. जगल्या पाच मुली, आणि पाचही सिस्टर झाल्या. चौघी लिझ्यूच्या एकाच कार्मेल मठात होत्या. लेओनी मात्र अनेकदा परत येऊन शेवटी 1899 मध्ये काँ इथल्या व्हिजिटेशन मठात स्थिरावली. नुसत्या पाच मुली मांडल्या तर तो चमत्कार वाटतो. पण आईवडिलांची वर्तुळं काढून बघा. लग्नाआधी लुईला ग्रेट सेंट बर्नार्डच्या मठात जायचं होतं, लॅटिन येत नाही म्हणून ते राहिलं. झेलीला धर्मभगिनी व्हायचं होतं, तिलाही नकार मिळाला. म्हणजे त्या घरात पहिली दोन वर्तुळं तुटक होती. 2015 मध्ये त्या दोघांना एकत्र संतपद मिळालं. दांपत्य म्हणून एकत्र संत घोषित झालेले ते पहिलेच.

तुटक वर्तुळं शोधायची तर प्रश्न बदलावा लागतो. "आपल्यात फादर कोण कोण झालं?" असं विचारलं की म्हातारी माणसं अभिमानानं तीच नावं सांगतात. "कुणाला जायचं होतं?" असं विचारा आणि मग गप्प बसा. माझ्या सासऱ्यांबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर बारा वर्षांनी, या कागदाच्या निमित्तानं सासूबाई सांगायला लागल्या. सोळाव्या वर्षी सासऱ्यांनी सेमिनरीत जायची तयारी केली होती, तेवढ्यात त्यांचे वडील वारले आणि पाठच्या चार भावंडांचा भार त्यांच्यावर पडला. कुणालाही दोष न देता ते थांबले. आईची मावशी नोव्हिशिएटमधून, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या प्रशिक्षणातून, क्षय झाल्यामुळे घरी आली होती. आणि माझा धाकटा भाऊ चार वर्षं सेमिनरीत राहून परतला होता. त्याचं वर्तुळ मला आधी काढायचंच सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तारखांसाठी बाप्तिस्म्याची नोंदवही बघा. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे (कलम 535) ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या वहीतच पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार), विवाह, गुरुदीक्षा (फादर होण्याचा विधी) आणि कायमच्या व्रतांचीही नोंद करायची असते. एकाच ओळीत माणसाचा आयुष्यभराचा रस्ता सापडतो. फक्त लक्षात ठेवा, ही नोंद कायमच्या व्रतांची असते. तात्पुरती व्रतं घेऊन परतलेली व्यक्ती तिथे दिसणार नाही, तिच्यासाठी माणसांनाच विचारायला हवं. जुन्या सिस्टरांना व्रतांच्या वेळी नवं नाव मिळायचं, त्यामुळे त्यांच्या धर्मसंस्थेकडे चौकशी करताना जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं द्या.

आता रेषा. नेहमीच्या वंशवृक्षात रेषा वरून खाली येते. इथे ती तिरपी जाते: आत्याकडून भाचीकडे, काकाकडून पुतण्याकडे, भावाकडून भावाकडे. लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य काथोलिक परंपरेत धर्मगुरू ब्रह्मचारी असतात आणि 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं त्यांचे विवाह रद्दबातल ठरवले, तेव्हा बापाची वेदी मुलाकडे जाण्याचा प्रश्नच उरला नाही. (पूर्वेकडच्या काथोलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषाला गुरुदीक्षा मिळू शकते, तिथे बाप-लेक दोघे धर्मगुरू असू शकतात.) भावंडांची रेषा तर फारच जुनी आहे. येशूच्या शिष्यांत पेत्र आणि आंद्रेया भाऊ, याकोब आणि योहानही भाऊ. चौथ्या शतकात संत बाझिल, निस्साचे संत ग्रेगरी आणि सेबास्तेचे संत पीटर हे तिघं सख्खे भाऊ बिशप होते, आणि त्यांची बहीण माक्रिना हीच घराची खरी गुरू होती. 1113 च्या सुमारास संत बर्नार्ड सितोच्या मठाच्या दारात उभे राहिले ते भाऊ, नातलग, मित्र असे तीसेक जण बरोबर घेऊन. असिसीची संत क्लेरा 1212 मध्ये घरातून निघाली, थोड्याच दिवसांत तिची बहीण आग्नेस तिच्यामागे गेली, आणि पुढे तर त्यांची आईही.

रेषा काढताना प्रत्येक वर्तुळात संस्थेचं किंवा धर्मप्रांताचं नावही लिहा. बरंच कोडं तिथेच सुटतं. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही बहिणी आणि माझी नणंद एकाच संस्थेत आहेत. रक्तच बोलत असतं तर ते तिघींना तीन संस्थांमध्ये नेऊ शकलं असतं. धाकटी मावशी आपल्या बहिणीला भेटायला मठात जायची, तिथल्या बागेत खेळायची, तिथल्या सिस्टर तिला नावानं हाक मारायच्या. तिला ते दार ओळखीचं होतं. मला वाटतं, कुटुंबात उतरतं ते हे: दाराची ओळख, आणि 'जायचं असेल तर जा' असं म्हणणारी माणसं. हाक ज्याची त्यालाच ऐकू यावी लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं कुटुंबाला जणू पहिली सेमिनरी म्हटलं, तेही मी याच अर्थानं घेते. सेमिनरीत शिरलेला प्रत्येक जण फादर होत नाही.

कागद वाचताना मोठ्या घराण्यांच्या गोष्टींनी हुरळून जाऊ नका. इंग्लंडच्या व्हॉन घराण्यातल्या आठ मुलग्यांपैकी सहा धर्मगुरू झाले, त्यांतले तिघे बिशप, आणि थोरले हर्बर्ट पुढे कार्डिनल झाले. असं घर आठवणीत राहतं. ज्या घरातून एकच जण गेला, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. अमेरिकेत दरवर्षी गुरुदीक्षा घेणाऱ्यांची पाहणी होते, तिच्यात साधारण तिघांपैकी एकाच्या नात्यात कुणी फादर, ब्रदर किंवा सिस्टर असतं. हे प्रमाण मोठंच आहे. पण उरलेल्या दोघांच्या घरात आधी कुणीच नसतं, हेही मुलांना सांगा.

यानंतरचा भाग नाजूक आहे आणि तो टाळू नये. कुणाच्या वर्तुळाशेजारी 'ढकललं' असं लिहावं लागेल का, हे तपासा. हे पाप जुनं आहे, म्हणून तर 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं मुलीला बळजबरीनं मठात धाडणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठरवली. चर्चच्या आजच्या कायद्यातही कलम 219 प्रमाणे आयुष्याची वाट निवडताना कुणाचीही जबरदस्ती चालत नाही, आणि कलम 643 प्रमाणे धाक किंवा फसवणुकीमुळे नोव्हिशिएटमध्ये आलेल्याचा प्रवेशच ग्राह्य नसतो. उलट बाजूही आहे. कलम 1026 म्हणतं की योग्य माणसाला गुरुदीक्षेपासून परावृत्त करणंही चूकच. संत थॉमस अक्विनास यांच्या घरच्यांना त्यांना मोंते कासिनोचा मठाधिपती झालेलं पाहायचं होतं. त्यांना भिक्षेवर जगणाऱ्या डोमिनिकन संघात जायचं होतं, तर घरच्यांनीच त्यांना वर्षभर कोंडून ठेवलं. घराण्याला पाचारण हवंच होतं, फक्त आपल्या पसंतीचं.

हे सगळं झाल्यावर मुलांशी बोला. एका बैठकीत नको, चालता-बोलता. मी लेकीला विचारलेले प्रश्न असे होते. आत्याला उद्या संस्था सोडावी लागली, तरी तुला जायचं असेल? तुझ्या पहिल्या व्रतांना कुणीच आलं नाही, तर? तुला आवडतं ते काय आहे: आत्या, आत्याला मिळणारा मान, की पहाटेची ती अर्ध्या तासाची शांतता? तिनं शेवटच्या प्रश्नाला दोन आठवड्यांनी उत्तर दिलं. म्हणाली, "मान मला आवडतो हे खरं आहे. पण शांतता जास्त." प्रामाणिक उत्तर होतं ते. 'मान अजिबात नको' असं म्हणाली असती, तर मला काळजी वाटली असती.

मग तिला आत्याच्या नव्हे, दुसऱ्या संस्थेत महिनाभर राहून यायला सांगा. हे मी आग्रहानं सांगते. ओळखीचं दार सोडून दुसऱ्या दाराशी ओढ टिकते का, ते तिथे कळतं. घाई कसलीच नाही. कायद्यानं नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, त्यानंतर तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षांची, आणि एकविसाव्या वर्षाआधी कायमची व्रतं घेताच येत नाहीत. गुरुदीक्षेसाठी पंचवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. हा काळ परत येण्यासाठीही दिलेला आहे.

नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा की 'आता आमची सातवी!' असं कुणी म्हणायचं नाही. माझ्या थोरल्या दिरांना मी हात जोडून विनंती केली की तिच्या वतीनं कुठल्याही प्रॉव्हिन्शियलना (संस्थेच्या प्रांतप्रमुखांना) फोन करू नका. ते क्षणभर दुखावले, मग म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर आहे. माझ्या वेळी असं कुणी थांबवायला हवं होतं." त्याहून जास्त ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या वर्तुळाशेजारी काही लिहिलं नाही.

आणि परतलेल्या माणसाला बोलावा. माझा भाऊ परत आला तेव्हा घरात कुणी रागावलं नव्हतं. फक्त त्या चार वर्षांबद्दल कुणी कधी बोललंच नाही, त्याच्या पुस्तकांची पेटीसुद्धा माळ्यावर गेली. तेवीस वर्षांनी माझ्या लेकीनं त्याला विचारलं, "मामा, तिकडे काय चांगलं होतं?" तो रात्री साडेबारापर्यंत बोलत होता. तिला सर्वांत उपयोगी माहिती त्याच्याकडून मिळाली: कसला कंटाळा येतो, आज्ञापालन कुठे जड जातं, सोडायचा निर्णय कुणापाशी आधी बोलायचा. हे आत्यानं सांगितलं नसतं, काकांनीही नाही.

एवढं झालं की कागद भिंतीवर लावू नका. पुढचं भाचरू येता-जाता तो वाचेल आणि आपलं वर्तुळ कुठे बसतं ते शोधेल. आमचा कपाटाच्या खणात आहे. लेकीचं वर्तुळ सध्या पेन्सिलनं काढलेलं आहे. ती नोव्हिशिएटच्या आठव्या महिन्यात आहे.