डिझेल गाडी मधूनच ओढायची थांबते? या चुका टाळा

चालता चालता पिकअप एकदम जातो. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी रेटून नेल्यासारखी चालते. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा पहिल्यासारखी पळते. अशा गाड्यांमध्ये मूळ दोष बहुतेक वेळा लहानच निघतो. जास्त वेळ जातो तो आधी झालेल्या दुरुस्त्या निस्तरण्यात.

कोड उडवून मोकळं होणं

स्कॅनर लावला, ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) नोंदवलेला दोषाचा कोड दिसला, उडवला आणि गाडी मालकाच्या ताब्यात दिली. हे पाहून मला खरोखर राग येतो. कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो: आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती तापलेलं, लोड किती. ही फ्रीझ फ्रेम मधूनच येणाऱ्या दोषाचा सर्वांत चांगला पुरावा असते आणि कोड उडवला की तीही जाते. बॅटरीची टर्मिनल काढून 'रीसेट' करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

चावी बंद-चालू केल्यावर गाडी सुधारली म्हणजे दोष गेला असं होत नाही. इंजिन वाचवायला ईसीयूने ताकद कमी केलेली असते, म्हणजे लिंप मोड. चावी फिरवल्यावर तो पुन्हा नव्याने तपासायला लागतो, एवढंच.

मी आधी सगळे कोड कागदावर उतरवतो, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढतो आणि मग चालवणाऱ्याला शेजारी बसवून विचारतो. टाकीत डिझेल किती होतं? चढ होता की सपाट रस्ता? इंजिन गार होतं की तापलेलं? ओढ हळूहळू कमी झाली की खटक्यात गेली? हळूहळू गेली तर डिझेल किंवा हवा पोचत नसण्याची शक्यता जास्त. खटक्यात गेली तर बहुतेक वेळा ईसीयूने हात आखडता घेतलेला असतो. नवशिक्यांना ही चौकशी वेळखाऊ वाटते, पण पुढचं निम्मं काम तिथेच होतं.

कोडचं नाव वाचून पार्ट बदलणं

पी००८७ म्हणजे रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब, कमी. पी०२९९ म्हणजे टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब कमी. ईसीयूला काय दिसलं एवढंच कोड सांगतो. कोणता पार्ट गेला ते तो सांगत नाही. तरी पहिला कोड दिसला की पंप आणि दुसरा दिसला की टर्बो बदलायला घेणारे भेटतातच.

एक गाडी अशीच आली. मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग वेगात चालली की मरायची. कोड पी००८७. दुसरीकडे रेल प्रेशर सेन्सर बदलून झाला होता, मग डिझेल फिल्टर, मग हाय प्रेशर पंप. पंप बदलल्यावर काही दिवस ती बरी चालली, कारण त्या दिवसांत ती जवळपासच फिरत होती. पुढे लांब गेली आणि तोच प्रकार. मालक आता चारही इंजेक्टर बदलायला तयार झाला होता.

या गाडीच्या टाकीत पंप नव्हता. हाय प्रेशर पंपच टाकीतून डिझेल ओढून घ्यायचा. मी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा टाकला, टी आकाराचा जोड टाकून व्हॅक्यूम गेज लावला आणि तो पुढच्या काचेवर बाहेरून टेपने चिकटवला. स्कॅनरवर मागितलेलं आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर असे दोन आकडे लावले आणि मोठ्या रस्त्याला लागलो. सुरुवातीला काटा जेमतेम हलत होता. सलग वेगात तो सावकाश चढत गेला. प्रत्यक्ष प्रेशर मागणीच्या खाली घसरायला लागलं आणि पिकअप गेला. इंजिन बंद करताच काटा परत शून्यावर. बाजूला थांबून पाहिलं तर नळीत एकही बुडबुडा नव्हता.

व्हॅक्यूम वाढतो आणि बुडबुडे नाहीत, म्हणजे वाट अडली आहे. बुडबुडे आहेत आणि व्हॅक्यूम वाढत नाही, म्हणजे कुठूनतरी हवा शिरते आहे. गेज फिल्टरच्या आधी लावून पाहिला तरी तेच, म्हणजे अडथळा टाकीकडे. टाकी उघडल्यावर जाळीजवळ ॲडिटिव्हच्या बाटलीच्या तोंडाचं चंदेरी सील तरंगताना मिळालं. डिझेलची ओढ वाढली की ते जाळीला चिकटायचं, इंजिन बंद झालं की सुटायचं. म्हणून चावी बंद-चालू केल्यावर गाडी सुधारायची, आणि म्हणूनच सगळे सेन्सरच्या मागे लागले होते. पंप शेवटपर्यंत चांगला होता.

बाटली ओतून पिकअप परत आणायच्या उपायावर माझा अजिबात विश्वास नाही. आधी दोष शोधा.

टाकीतच पंप असेल तर गेज दाबाचा लावायचा आणि ओढ जाते त्या क्षणी दाब पडतो का ते पाहायचं. टाकीचं झाकणही विसरू नका. पिकअप गेल्यावर झाकण उघडताना हवा जोरात आत ओढली गेली आणि गाडी सुधारली, तर टाकीला हवा येण्याची वाट तुंबलेली आहे. आणि ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर थेंब टाकत नाही. ती हवा आत घेते, त्यामुळे खाली ओलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

उभ्या गाडीला रेस देऊन 'ठीक आहे' म्हणणं

न्यूट्रलमध्ये टर्बोवर लोडच येत नाही. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होजची चीर दाब आला तरच उघडते. होजच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. तेलाची चिकट ओल आणि त्यावर धूळ बसलेली जागा लागली तर तिथेच वाकवून पाहा.

खरी परीक्षा रस्त्यावर. तिसरा गिअर, कमी आरपीएम, मग पूर्ण ॲक्सिलरेटर. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने स्कॅनर पाहायचा. प्रत्यक्ष बूस्ट (टर्बोचा दाब) मागणीच्या सतत खाली राहिला तर होज किंवा टर्बोची व्हॅक्यूम नळी पाहा. आधी मागणीच्या वर उसळून मग ताकद तुटली तर काजळीने टर्बोच्या पात्या अडकत असाव्यात. हातपंपाने या पात्या हलवणाऱ्या ॲक्चुएटरला व्हॅक्यूम द्या: दांडा न अडखळता सरकला पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. बूस्ट सेन्सरचा आकडा हवेच्या दाबासह येतो. इंजिन बंद आणि चावी चालू असताना समुद्रसपाटीला तो १००० मिलीबारच्या आसपास हवा.

धूरही पाहा. ओढ नाही आणि काळा धूर, म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी. ओढ नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी पडतंय किंवा ईसीयूच कमी देतोय. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत हा धूर अडतो, तिथे याचा भरवसा नाही.

थोडक्यात बाकीच्या

एअर फ्लो मीटरचा (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) प्लग काढल्यावर गाडी सुधारली म्हणून मीटर बदलू नका. प्लग काढला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद ठेवतो, त्यामुळे दोष ईजीआरचाही असू शकतो.

ईजीआरला पत्रा लावून बंद करणं ही दुरुस्ती नाही.

डीपीएफ भरला म्हणून त्यातली काजळी नुसती जबरदस्तीने जाळू नका. काजळी इतकी का झाली ते आधी शोधा, नाहीतर तो पुन्हा भरेल. जाळताना आत ६०० अंशांच्या आसपास तापमान जातं, गाडी वाळल्या गवतावर उभी नको.

पेडल सेन्सर तपासताना चावी चालू ठेवून पेडल अगदी सावकाश दाबा. दोन्ही सिग्नल एकसंध वाढायला हवेत, मध्ये उडी नको.

आणि जुन्या इंजिनांची सवय असलेल्यांसाठी. बिघडलेला सिलिंडर शोधायला चालू इंजिनाच्या इंजेक्टर पाइपचे नट ढिले करायची पद्धत कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात) पूर्ण बंद करा. त्या पाइपांत शेकडो बार दाब असतो, लोडवर १६०० बार किंवा त्याहून जास्त. ती धार हातमोज्यातून कातडीत शिरते. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. डिझेल कातडीत शिरलंच तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली आणि दुखत नसली तरी त्याच क्षणी रुग्णालयात जा आणि जास्त दाबाचं डिझेल शिरलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.