जपानी साधेपणा घरात आणताय? गादीपासून सुरू होणाऱ्या या चुका टाळा

तोक्योत निशी-कसाईला राहायला गेलो तेव्हा खोली रिकामी होती आणि मी त्यावरच खूश होतो. सहा तातामींची (गवती चटयांची) जमीन, एक फुतोन म्हणजे जमिनीवर पसरायची घडीची गादी, एक दिवा. पहिल्या रात्री पसरलेला फुतोन मी पुढे उचललाच नाही. किती सुटसुटीत दिसतंय म्हणून घरी फोटोसुद्धा पाठवला. जपानी पावसाळा सुरू झाला आणि जून संपता संपता चादर बदलायला गादी उचलली, तर खालच्या तातामीवर बरोबर माझ्या आकाराची काळपट-हिरवी बुरशी.

घरमालकीणबाईंनी ती पाहिली आणि एकच शब्द उच्चारला: मान्नेनदोको. मान्नेन म्हणजे दहा हजार वर्षं आणि दोको म्हणजे अंथरूण. दहा हजार वर्षं न उचललेलं अंथरूण! हा काही कौतुकाचा शब्द नव्हे. एकट्या राहणाऱ्या आळशी पोरांच्या खोलीबद्दल नाक मुरडून वापरतात. आणि आपल्याकडे ‘जपानी मिनिमल बेडरूम’ म्हणून जे फोटो फिरतात त्यात काय असतं? पलंग काढून जमिनीवर कायमची टाकलेली जाडजूड गादी. म्हणजे मान्नेनदोकोच, फक्त शेजारी एक कुंडी.

गादी खाली घेतली, पण उचलायचं कुणी?

बुरशीचं कारण साधं आहे. अंगाची ऊब आणि घाम रात्रभर गादीतून खाली उतरतो, थंड फरशीपाशी ओल धरतो आणि तिथे वारं लागत नाही. म्हणून फुतोन रोज उचलायचा असतो. आपल्याकडे वळकटी बांधायचे तसंच. उठल्या उठल्या घडी घालू नका. अर्धा तास उलटी करून ठेवा, मग घडी. ऊन असेल त्या दिवशी कठड्यावर टाका. जपानात उन्हाच्या दिवशी इमारतीच्या इमारती फुतोननी भरलेल्या दिसतात, हातभर लांबीच्या चिमट्यांनी अडकवलेल्या, आणि दुपारी झोडपण्याचे धपाधप आवाज येतात.

मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणणार? तेव्हा गादीखाली फटी ठेवलेली लाकडी फळी घ्या. जपानीत तिला सुनोको म्हणतात, पण कोणताही सुतार दोन इंच उंचीच्या पट्ट्यांची करून देईल. खालून वारं खेळलं पाहिजे, एवढंच. बाजेवर झोपणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बुरशी आधीच आली असेल आणि डाग खोळीपुरतेच असतील, तर खोळ काढून धुवा आणि गादीला कडक ऊन दाखवा. कापसात उतरली असेल तर मोह सोडा, कापूस बदला.

कपाटं आधी काढली

ही दुसरी चूक पहिलीतूनच निघते. जपानी खोली दिवसा रिकामी दिसते, कारण भिंतीत ओशिइरे असतं. नोबिताच्या खोलीत डोरेमॉन ज्या कपाटात झोपतो ना, तेच. साधारण १८० सेंमी रुंद, ८० ते ९० सेंमी खोल, मध्ये एक भक्कम फळी. तीन घड्या घातलेला फुतोन जेमतेम ७० सेंमीचा होतो, आरामात आत जातो, सरकतं दार लावलं की खोली मोकळी. जुन्या श्रीमंत घरांना तर ‘कुरा’ नावाची जाड मातीच्या भिंतींची वेगळी कोठी असे. ऋतू बदलला की तिथून वस्तू यायच्या आणि आधीच्या परत जायच्या. रिकामेपणाच्या मागे असा भरलेला माळा असतो आणि तो फोटोत येत नाही.

आपलं नेहमीचं वॉर्डरोब ६० सेंमीच्या आसपास खोल. तीन घड्यांची गादी त्यात काही सेंमीने अडते, दार लागत नाही, आणि मग ती कोपऱ्यात उभी राहते. टेप घेऊन आधी मोजा. दोन इंचांची पातळ गादी असेल तर चार घड्यांत बसते. नसेल तर पलंग ठेवा, त्यात कमीपणा नाही. आणि सगळे जपानी असे राहतात, हाही गैरसमज नको. क्योइची त्सुझुकी या छायाचित्रकाराने १९९३ साली तोक्योतल्या खऱ्याखुऱ्या घरांच्या फोटोंचं पुस्तक काढलं, त्यातल्या खोल्या कपडे, पुस्तकं, कॅसेटींनी ओसंडून वाहतात.

वाबी-साबीला रंग समजणं

वाबी-साबी म्हणजे जुनेपणात, अपुरेपणात सौंदर्य पाहणारी जपानी दृष्टी. आपल्याकडे तिचा अर्थ होतो भिंतीला मळकट पांढरा रंग, त्याच छटेचे पडदे, मुद्दाम ओबडधोबड केलेला महागडा कप. नवंकोरं जुनाट! सोळाव्या शतकातले चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या नावाशी जोडलेली ताइआन नावाची चहाची खोली क्योतो आणि ओसाकाच्या मधल्या यामाझाकीला आजही आहे. दोन तातामींची, म्हणजे चार चौरस मीटरसुद्धा नाही. मातीच्या भिंतींत मिसळलेला पेंढा दिसतो. रिक्यू ज्याच्या पदरी होते त्या हिदेयोशी या सत्ताधीशाने त्याच काळात सोन्याने मढवलेली चहाची खोली करून घेतली होती. १५९१ साली त्याच्याच हुकमावरून रिक्यूंना पोट फाडून घ्यावं लागलं. या साधेपणाचा जन्म दरबारातल्या झगमगाटाच्या शेजारी झाला, हे लक्षात घेतलं की ‘साधेपणाचा सेट’ विकत घेण्यातली गंमत कळते. घरात पोचे आलेलं पितळी पातेलं असेल तर ते माळ्यावरून खाली काढा आणि कपाचे पैसे वाचवा.

फुटलेला कप सोन्याने सांधायचा किन्त्सुगीचा संच मागवणाऱ्यांसाठी दोन शब्द. स्वस्त संचात बहुधा इपॉक्सी गोंद आणि सोनेरी पूड असते. तो कप शोभेचा, त्यातून गरम चहा पिऊ नका. खरं काम उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने होतं. तो दमट हवेत सुकतो आणि पूर्ण कामाला आठवडेच्या आठवडे लागतात. उरुशी आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला. बिब्बा उततो तसाच ओला उरुशीही उततो. हातमोजे घाला. ज्यांना काजूच्या टरफलाच्या तेलाने फोड येतात त्यांनी तर याच्या वाटेला जाऊ नये.

भंगारवाल्याला पहिला फोन

घर आवरण्याबद्दल लिहिणाऱ्या जपानी लेखिका हिदेको यामाशिता यांनी रुजवलेला ‘दान्शारी’ हा शब्द योगाभ्यासातून आलेला आहे. त्यांचं पुस्तक २००९ सालचं. यातलं ‘दान’ आपल्या कानाला देणं वाटतं. पण अर्थ आहे तोडणं, येणारी वस्तू दारातच थांबवणं. ‘शा’ म्हणजे टाकणं, ‘री’ म्हणजे लोभापासून दूर होणं. आपण थेट मधल्या अक्षराला हात घालतो. तोक्योत तसं जमत नाही, कारण टाकायला पैसे पडतात. एक मोडकी खुर्ची टाकायला मी आधी नोंदणी केली, दुकानातून शुल्काचं स्टिकर विकत आणलं, ते लावलं आणि नेमून दिलेल्या सकाळी खुर्ची खाली नेऊन ठेवली. पुढची खुर्ची घेताना हात आपोआप थबकला. इथे भंगारवाला उलट आपल्यालाच पैसे देतो, म्हणून घर महिन्यात रिकामं होतं आणि दिवाळीच्या सेलमध्ये पुन्हा भरतं. महिनाभर काहीच टाकू नका, फक्त आत येणारं लिहून ठेवा. आणि आईचे डबे आईला न विचारता काढू नका. ते नंतर पंधरा वर्षं ऐकावं लागतं.

कोरी भिंत कोरीच ठेवली

मग घर भाड्याने द्यायला काढल्यासारखं दिसतं. जपानी बैठकीत तोकोनोमा असतो, आपल्या कोनाड्याचा थोरला भाऊ. त्यात एक चित्र किंवा सुलेखनाचा पट आणि एक फूल, ऋतूप्रमाणे बदलणारं. बाकीची मोकळीक त्या एका गोष्टीसाठी असते. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. तिथल्या हिरवळीवर पाय ठेवला की शिट्टी वाजते आणि लोक वैतागतात, एवढी जागा नुसती बघायला? हो, नुसती बघायला. घरात तेवढी जागा कुणाकडे नाही, पण एक कोनाडा असतो. श्रावणात त्यात तेरड्याची एक फांदी पुरते.

स्वयंपाकघराला हात लावू नका. सोऱ्या, पुरणयंत्र आणि तीन आकारांचे कुकर कुठल्याच सौंदर्यशास्त्रात बसत नाहीत.

आणि घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर पलंग राहू द्या. जपानातही कितीतरी घरांत आता पलंगच आहेत. त्याखाली दोन बॅगा राहिल्या तरी बिघडत नाही, फक्त भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. पावसाळ्यात तिथेही ओल धरते.