बटर आणि डबाबंद पदार्थ: पाणी, मीठ आणि आच

डबाबंद मका, मश्रूम किंवा काबुली चणे बटरमध्ये परतायला घेतले आणि खमंग होण्याऐवजी ते पिचपिचीत झाले, तर त्याचे कारण बहुतेक वेळा पाणी असते. डब्यातील पदार्थ मिठाच्या पाण्यात मुरलेले असतात. शिवाय बटरमध्येही सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि साधारण १६ टक्के पाणी असते. हे सगळे पाणी आटेपर्यंत कढईचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही आणि तोवर पदार्थ परतला न जाता केवळ उकडत राहतो.

म्हणून डबा उघडल्यावर पदार्थ चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुवावा, दहा मिनिटे निथळू द्यावा आणि स्वच्छ सुती कापडावर पसरून कोरडा करावा. धुतल्याने मिठाचा बराचसा भाग निघून जातो, हा आणखी एक फायदा. चण्यांचे दाट पाणी मात्र मी सहसा टाकत नाही, कारण रस्सा दाट करायला ते उपयोगी पडते. फक्त त्यात मीठ असते हे ध्यानात ठेवावे.

आता बटर. मंद ते मध्यम आचेवर ते वितळले की आधी फेस येतो आणि तडतड ऐकू येते. हे त्यातील पाणी उडून जाण्याचे लक्षण आहे. तडतड थांबली की दुधाचे घन कण तळाशी बसून सोनेरी होऊ लागतात आणि भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा वास सुटतो. कोरडा केलेला मका नेमका याच वेळी घालावा, कारण त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटातच ते कण करपून कडू होतात. आच मोठी ठेवायचीच असेल तर आधी थोडे तेल तापवून त्यात पदार्थ परतावा आणि बटर शेवटी घालावे. तेलात बटर मिसळले म्हणजे ते करपत नाही, असा एक समज आहे. परंतु करपतात ते दुधाचे कण आणि तेलाने त्यांचे रक्षण होत नाही.

डब्यातील पदार्थ आधीच शिजलेला असतो, हेही विसरून चालत नाही. कमी आंबट पदार्थांचे डबे साधारण १२१ अंशांवर दाबाखाली निर्जंतुक केले जातात, त्यामुळे घरी त्यांना केवळ रंग आणि चव द्यायची असते. चार-पाच मिनिटे पुरतात आणि त्या वेळात सतत ढवळण्याचा मोह टाळावा.

टोमॅटोची तऱ्हा वेगळी आहे. फोडी केलेल्या डबाबंद टोमॅटोत पुष्कळदा कॅल्शियम क्लोराइड असते, त्यामुळे फोडी कितीही शिजवल्या तरी सहज विरघळत नाहीत. सॉससाठी अख्खे टोमॅटो घेऊन हाताने कुस्करणे चांगले. ४०० ग्रॅमचा डबा वीस मिनिटे उघड्या भांड्यात आटवावा, आच बंद करावी आणि २५ ग्रॅम थंड बटर तुकड्यातुकड्यांनी घालून ढवळावे. बटर उकळत्या सॉसमध्ये घातले तर तूप वेगळे होऊन वर तरंगते. थंड बटर हळूहळू मिसळले तर सॉसला चकाकी येते आणि आंबटपणा सौम्य लागतो. बटर खारे असेल तर मीठ त्यानंतरच, चाखून घालावे.

फुगलेला, गळणारा, सांध्यावर खोल पोचा पडलेला किंवा उघडताच आतून फवारा उडालेला डबा चव न घेता टाकून द्यावा, कारण बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या विषाला ओळखू येईल असा वास किंवा चव नसते. उरलेला चांगला पदार्थ डब्यातच न ठेवता काचेच्या झाकणबंद भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.